सरपंच बसले की होडी चालते

शनिवार-रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही की उरलेली मुंबई भाटोळीला येऊन उतरते. भाटोळी म्हणजे केळव्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडावरचं गाव. इथलं पाणी दिसायला गरीब गाईसारखं, पण ओहोटी लागली की खाडी हाताला येईल ते ओढून बाहेर नेते, मग ती चप्पल असो नाहीतर चप्पल घातलेला माणूस. गावाला हे पाठ आहे. पाहुण्यांना सांगायला जावं तर ते सांगणाऱ्याच्याच हातात मोबाइल देतात आणि म्हणतात, आमचा एक फोटो काढा ना. गेल्या वर्षी अशीच दोन पोरं वाहून जाता जाता एका जाळ्याच्या दोरीला अडकली म्हणून वाचली. पेपरात बातमी आली, आणि बातमी आली म्हटल्यावर भाटोळीला जीवरक्षक होडी मिळणार हे ठरून गेलं.

होडी दिली तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्याने. कारखान्याला समुद्राचा भारी जिव्हाळा, तो का आहे ते विचारू नये. फायबरची पांढरीशुभ्र होडी, मागच्या फळीवर टांगायचं पंधरा घोड्यांचं आउटबोर्ड इंजिन, नारिंगी जॅकेटं, आणि या सगळ्यापेक्षा मोठा एक लोखंडी बोर्ड. ‘सागर आपला, जबाबदारी आपली’ असं लिहिलेला, खाली कारखान्याचं बोधचिन्ह. तो उचलायला दोन माणसं लागली. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तो बोल्ट मारून बसवला, कारण फोटोत नाळच आधी येते. कारखान्याचा निमेश नावाचा तरुण अधिकारी हे सगळं बघायला अंधेरीहून यायचा. पोरगा मनाने चांगला होता, फक्त प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढल्याशिवाय ती घडली असं त्याला वाटायचं नाही.

होडी आली तसा एकनाथ तांडेल ओट्यावरून उठला.

एकनाथची स्वतःची बोट होती, ‘धनसागर’. बापाने बांधलेली सागाची बोट, ती थकली आणि दोन वर्षांपूर्वी तोडावी लागली. तेव्हापासून हा माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वारा कुठला आहे ते सांगत असे, आणि ऐकणारे मान हलवून पुढे जात. होडी चालवणारा तो तांडेल. होडीच नसली की तांडेल म्हणजे नुसतं आडनाव, आणि हे एकनाथला रोज सकाळी चहाबरोबर जाणवायचं. जीवरक्षक होडीला तांडेल हवा असं कळताच त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पंचायतीत जाऊन उभा राहिला. त्याचा पुतण्या भावेशही उभा होता. भावेशने अलिबागकडे पर्यटकांच्या होड्यांवर अशीच इंजिनं चार-पाच हंगाम हाकलेली. पण सरपंच आत्मारामभाऊंनी विचार केला की भावेशच्या घरात मतं तीन आणि एकनाथच्या शब्दावर चालणाऱ्या बाकीच्या भावकीत एकवीस. तांडेल एकनाथ झाला. भावेशला मदतनीस नेमलं.

आता भाटोळीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. इथे नवी होडी पाण्यात घालताना घरच्या जुन्या होडीच्या लाकडाचा तुकडा तिच्यात बसवतात. जुनी होडी मेली असं कुणी म्हणू नये, ती नव्या होडीतून समुद्रावर जात राहावी, एवढंच त्यामागे. एकनाथने ‘धनसागर’ तोडताना सागाची एक पट्टी बाजूला काढून ठेवली होती, हातभर लांब आणि चार बोटं जाड. दोन वर्षं ती देव्हाऱ्याखाली होती. ती पट्टी आता बाहेर आली.

हा तुकडा बसतो तो नाळेत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. एकनाथची बायको पुष्पलता हिनेही तेच सांगितलं. पण नाळेत तर कारखान्याचा समुद्रप्रेमी बोर्ड बसला होता. आणि खरं सांगायचं तर एकनाथला ते लाकूड मागेच हवं होतं, स्वतःच्या हाताशी. ‘धनसागर’चं डिझेल इंजिन सागाच्या भक्कम बैठकीवर बसायचं, प्लास्टिकच्या होडीवर इंजिन उघडं-नागडं टांगणं हा त्याला इंजिनाचाच अपमान वाटला. म्हणून त्याने पट्टी मागच्या फळीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर इंजिन चढवून दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले. भटजी आले, पूजा झाली, पट्टीला हळदकुंकू लागलं, लाल धागा गुंडाळला, झेंडूची माळ पडली. शिमग्यापर्यंत या लाकडाला कुणी हात लावायचा नाही, असं एकनाथने चारचौघांत जाहीर केलं. चारचौघांनी हात जोडले.

मग होडी पाण्यात ढकलली, एकनाथने दोरी ओढली, मूठ पिळली, आणि इंजिनाने जो टाहो फोडला तो पार मशिदीच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला. मिक्सरचं भांडं रिकामं फिरवल्यावर होतो तसला आवाज. मागे फेसच फेस. होडी मात्र लग्नात रुसलेल्या मावशीसारखी जागची हलेना. एकनाथने मूठ आणखी पिळली. आवाज आणखी वाढला. किनाऱ्यावर निमेश व्हिडिओ काढत होता, त्याने हळूच मोबाइल खाली घेतला.

भावेश होडीतच होता. त्याने वाकून मागे पाहिलं आणि सांगून टाकलं की इंजिन चार बोटं उंच बसलंय. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या पातळीत यायला हवी, तर पंख्याला घट्ट पाणी मिळतं. इथे पंखा वर राहिलाय, पाण्याऐवजी हवा घुसळतोय, त्यात पुढच्या बोर्डाच्या वजनाने होडीची पाठ उचललीय. एवढं बोलून त्याने वाक्याचा शेवट केला, जो त्याने करायला नको होता. लाकूड काढलं तर होईल, म्हणाला.

एकनाथने त्याला तिथेच झापला. तुझ्या आजाने याच लाकडावर उभं राहून वादळातून बोट आणली, तू कालचा पोरगा मला लाकूड काढायला सांगतोस, वगैरे वगैरे, भावेशची तिशी उलटली होती तरी. किनाऱ्यावरच्यांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना एक गोष्ट पक्की कळली. होडीत काहीही बदलायचं, लाकूड सोडून.

मग भाटोळीतला प्रत्येक जण इंजिनांचा जाणकार झाला. बोईसरहून मेहुल नावाचा मेकॅनिक बोलावला. तो आला, गुडघ्यावर बसला, पंख्याकडे पाहिलं, लाकडाकडे पाहिलं, लाकडावरच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि हात जोडून पंखा बदलून गेला. होडी हलली नाही. तो परत आला आणि दुसऱ्या मापाचा पंखा लावून गेला. मग कुणीतरी म्हणालं की इंजिनाचा कोन चुकला आहे, म्हणून मागची खीळ एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. होडीने नाक पाण्यात खुपसलं. खीळ तिसऱ्या भोकात घातली तर ती म्हशीसारखी माथा वर-खाली करत बसली. पोस्टातून रिटायर झालेले एक काका पेट्रोलला दोष देऊन गेले. एकाने तर होडीच्या रंगावर शंका घेतली.

आणि एका दुपारी आत्मारामभाऊ फोटोसाठी होडीत चढले. आत्मारामभाऊंचा देह म्हणजे पंचायतीची भरभराट डोळ्यांनी दिसावी असा. फोटोत तांडेलाशेजारी बसायचं म्हणून ते मागच्या बाजूला, इंजिनाला खेटून बसले. होडीची पाठ बसली, पंखा खाली पाण्यात गेला, एकनाथने मूठ पिळली आणि होडी निघाली. नाक आभाळात, मागून पाणी आत, बसलेल्यांची अंघोळ, पण निघाली. किनाऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

शहाण्या माणसाने यातून काय घ्यावं? भाटोळीने घेतलं ते असं, की सरपंचांचा पायगुण आहे. भावेश म्हणाला, पायाचा नाही, वजनाचा आहे, दोन वाळूची पोती ठेवली तरी चालेल. त्यावर आत्मारामभाऊंचा चेहरा असा झाला की सरपंच आणि वाळूचं पोतं ही तुलना पुन्हा गावात कुणी काढली नाही. पुढच्या बैठकीत ठरावच झाला. बचावकार्याला निघताना सरपंच होडीत उपस्थित राहतील. किनाऱ्यावर पाटी लागली, ‘संकटसमयी संपर्क साधा’, आणि खाली आत्मारामभाऊंचा मोबाइल नंबर. म्हणजे बुडणाऱ्याने आधी फोन करायचा, भाऊ घरी असतील तर चप्पल घालून निघतील, आणि मग बुडणाऱ्याने पुढचं ठरवायचं.

एकनाथ या ठरावाला सगळ्यांबरोबर हसला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला होडी वाळूवर आडवी होती, आसपास कुणी नव्हतं. तो मागे जाऊन गुडघ्यावर बसला. होडीच्या तळाला तळहात लावून तसाच मागे सरकवत नेला. हात पंख्यावरच्या चपट्या पट्टीला लागायला हवा होता. तो तिच्या खालून निघून गेला, आणि वर मोजून चार बोटं अंतर राहिलं. आयुष्य पाण्यावर गेलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. त्याला कळलं. त्याला खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं त्यापेक्षा जास्त भीती वाटली. लाकूड चुकलं असं तोंडातून निघालं की गाव म्हणणार, म्हाताऱ्याला हे इंजिन कळत नाही, द्या भावेशला. पुन्हा तो ओटा, पुन्हा तो वारा, पुन्हा त्या हलणाऱ्या माना. तो उठला, गुडघ्याची वाळू झटकली आणि घरी गेला.

पुष्पलता पाट्यावर मिरची वाटत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि न विचारताच बोलली.

“लाकूड नाळंत बसतं. तुमी मागं बसता म्हणून ते मागं बसवलंत.”

एकनाथने जेवायला वाढ म्हणून सांगितलं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मांडव, लाल फीत, लाउडस्पीकर, आणि मेहुल मेकॅनिकलाही सत्कारासाठी बोलावलेलं. प्रमुख पाहुणे पालघरहून येणार होते आणि त्यांना आणायला आत्मारामभाऊ जातीने गेले होते. पाहुणे निघाले, आले, रेल्वेच्या फाटकात अडकले, असे फोन येत राहिले. निमेश मात्र बेचैन होता, कारण त्याच्या कार्यक्रमात प्रात्यक्षिक होतं. एक माणूस बुडणार, होडी जाऊन त्याला वाचवणार. बुडायला गावातलं कुणी तयार झालं नाही, म्हणून बुडण्याची जबाबदारी त्याने स्वतःच घेतली. पाहुणे येईपर्यंत ऊन उतरेल, व्हिडिओ बिघडेल, निदान बुडण्याचा भाग तरी आधी काढून घेऊ, असं म्हणून नारिंगी जॅकेट चढवून तो पाण्यात शिरला. एकनाथने त्याला सांगितलं की ओहोटी लागली आहे, कमरेपुढे जाऊ नका. निमेशने अंगठा दाखवला.

तो कमरेपर्यंत गेला. मग छातीपर्यंत गेला. मग पाय टेकायचे बंद झाले आणि खाडीने त्याला उचललं.

त्याने हात वर केले तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो ओरडला तशा आणखी वाजवल्या. माइकवर बसवलेला शाळेतला गुरुजी सांगू लागला की पाहा, किती हुबेहूब अभिनय, आपत्तीच्या वेळी माणसाची अशीच अवस्था होते. एकनाथ मात्र अभिनय बघत नव्हता, पाणी बघत होता. नारिंगी ठिपका सरळ जाळ्यांच्या खांबांकडे चालला होता. समुद्रात रोवलेल्या त्या खांबांना जाळी ताणून बांधलेली असतात आणि ओहोटीचं पाणी त्यांच्यातून नळातून निघावं तसं निघतं. जॅकेट माणसाला बुडू देत नाही हे खरं, पण जाळ्यात गुरफटलेल्या माणसाला ओहोटीचं पाणी जॅकेटसकट खाली दाबतं.

एकनाथ पळत होडीत चढला, भावेश मागोमाग. दोरी ओढली, मूठ पिळली. तोच टाहो, तोच फेस. होडी जागच्या जागी थरथरत राहिली. किनाऱ्यावरून कुणीतरी सरपंचांना फोन लावला आणि तो माइकसमोर धरला. आत्मारामभाऊंचा आवाज साऱ्या किनाऱ्यावर घुमला, मी फाटकातच आहे, गाडी जाऊ द्या, आलोच, मी येईपर्यंत होडी हलवू नका. होडी हलतच नव्हती, त्यामुळे त्यांचा शब्द पाळला गेला.

एकनाथने समोर पाहिलं. ठिपका लहान झाला होता. मग त्याने भावेशकडे पाहिलं. भावेश लाकडाकडे बघत नव्हता, आकाशाकडे बघत होता. या बाबतीत त्याला एकदा बोलणी खावी लागली होती आणि ती त्याने लक्षात ठेवली होती. एकनाथला त्या क्षणी स्वतःची शरम वाटली. तिकडे एक माणूस मरत होता आणि इकडे त्याला वाचवायला निघालेला दुसरा माणूस आपल्या काकाचा मान सांभाळत होता.

त्याने इंजिन बंद केलं. दोन्ही स्क्रू सैल केले.

“धर,” तो म्हणाला.

भावेशने एक क्षण त्याच्याकडे बघितलं आणि वाकला. कमरेइतक्या पाण्यात उतरून दोघांनी इंजिन उचललं. एकनाथने एका हाताने माळ तोडली, धागा तोडला आणि बापाच्या बोटीचं लाकूड ओढून होडीत टाकलं. माइकवरचा गुरुजीसुद्धा वाक्य अर्धं टाकून बघू लागला. इंजिन मागच्या उघड्या फळीवर बसलं, स्क्रू आवळले, दोघे चढले. या वेळी मूठ पिळल्यावर टाहो फुटला नाही. भरल्या घशाचा जाड आवाज आला, होडीने एकदा नाक उचललं, मग ते खाली टेकवलं आणि ती पाण्यावरून अशी सुटली की एकनाथला टोपी धरावी लागली. आपण काय चालवतोय हे त्याला पहिल्यांदाच कळलं. त्याला आनंद झाला, आणि इतके दिवस हा आनंद आपणच अडवून धरला होता म्हणून रडूही आलं.

निमेश पहिल्या खांबाला मिठी मारून होता, एक पाय जाळ्यात. अभिनय केव्हाच संपला होता आणि आवाजही. भावेशने चाकूने जाळं कापलं, एकनाथने कॉलरला धरून त्याला आत ओढलं. तो होडीच्या तळाशी पडून खारं पाणी ओकत राहिला आणि परतीच्या वाटेवर एकदाही त्याने मोबाइल मागितला नाही.

ते किनाऱ्याला लागले तेव्हा आत्मारामभाऊ पाहुण्यांना घेऊन पोचले होते. कुणीतरी घाईघाईने त्यांच्या कानात सगळं सांगितलं. भाऊंनी क्षणात परिस्थिती ताब्यात घेतली. मेहुल पुढे होऊन इंजिनावर हात फिरवत म्हणाला, “मुझे तो पहले दिन से पता था. पर आस्था का मामला था, चाचा.” त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पाहुण्यांना घाई होती, फीत कापायची होती. आत्मारामभाऊ म्हणाले, पूजेचं लाकूड असं खाली पडलेलं फोटोत बरं दिसत नाही, तेवढं इंजिनाखाली परत ठेवा, नवी माळ घाला, मी शेजारी बसतो. कुणीतरी माळ आणायला पळालंही.

एकनाथने लाकूड उचललं. ते भिजलं होतं, कुंकू धुवून गेलं होतं. गुरुजीच्या हातातला माइक त्याने घेतला. जन्मात माइकवर न बोललेला माणूस, त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

“या लाकडानं होडी अडली होती. मला कळलं होतं, तरी मी बोललो नाय. इंजिनाला लाकूड लागत नव्हतं. मला लागत होतं.”

ओला निमेश टॉवेलमध्ये कुडकुडत होता. तो उठला आणि म्हणाला की नाळेवरचा बोर्ड आधी काढा, लाकूड तिथे बसवा, साहेबांना मी सांभाळतो. भावेशने पाना आणला. बोर्ड निघाला तशी होडी पुढून हलकी होऊन सरळ झाली, आणि त्या जागी ‘धनसागर’चं लाकूड बसलं.

एकनाथ होडीत चढला नाही. त्याने भावेशला खांद्याला धरून मागच्या जागी बसवलं आणि इंजिनाची मूठ त्याच्या हातात दिली. पाहुणे फीत कापून होडीत चढले. आत्मारामभाऊ अजून वाळूतच उभे होते, एक पाय पुढे, एक मागे. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

“मग मी कुठं बसायचं रं एकनाथ?”

“माझ्या बाजूला,” एकनाथ म्हणाला. “इथं, किनाऱ्यावर.”

पुष्पलताने मांडवातल्या दोन खुर्च्या आणून वाळूत ठेवल्या. आत्मारामभाऊंच्या खुर्चीचे मागचे पाय वाळूत रुतले, एकनाथच्या खुर्चीचे थोडे कमी. समोर होडी नाक खाली घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत गेली आणि वळली. वारा कुठला आहे ते एकनाथने सांगितलं, आणि आत्मारामभाऊंनी मान हलवली.